संभाजीनगर–मुंबई : अंतर २८० किलोमीटर, तरीही विमानाला सव्वा तास का?

प्रश्न (जालना)
नमस्कार. आईला पुढील महिन्यात तपासणीसाठी परळला न्यायचे आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला फार वेळ एका जागी बसवत नाही, म्हणून चिकलठाण्याहून विमानाने जावे असा विचार आहे. परंतु अंतराचे आकडे कुठे २८०, कुठे ३७५, तर एका ठिकाणी चक्क १५१ असे दिसतात. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते म्हणतात, मग तिकिटावर सव्वा तास का लिहिलेला असतो? आईला प्रत्यक्ष किती वेळ बसावे लागेल?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
तिन्ही आकडे बरोबर आहेत. २८० किलोमीटर हे सरळ हवाई अंतर असून, १५१ हा त्याच अंतराचा सागरी मैलांतील आकडा आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ३७५ किलोमीटर हा मनमाडवरून जाणारा लोहमार्ग.

वेळेबाबत सांगायचे, तर तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. मी या मार्गावर वरचेवर जातो आणि एकदा मुद्दाम घड्याळ लावले होते : चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत ४३ मिनिटे लागली. डाव्या खिडकीतून दिसणारा नाथसागर मागे पडतो न पडतो, तोच विमान उतरणीला लागते, त्यामुळे पूर्ण वेग त्याला जेमतेम काही मिनिटेच मिळतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरली जाते, म्हणून गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रकात ती सवड आधीच धरलेली असते.

उत्तर (परभणी)
वरील माहिती अचूक आहे, मात्र आपल्या आईंच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यावी. चाकाच्या खुर्चीची सोय घेतल्यास त्या प्रवाशाला सर्वांत आधी आत बसवतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात. माझ्या वडिलांना त्यामुळे सलग पावणेदोन तास बसावे लागले आणि पट्टा बांधलेला असल्याने पाय मोकळे करता आले नाहीत. त्याआधी जालन्याहून विमानतळापर्यंतचा तासाभराचा मोटारप्रवास आणि तेथील प्रतीक्षा आहेच. मुंबईत उतरल्यावर सांताक्रूझहून परळपर्यंतची वाहतूक कोंडी वेगळी.

पुढच्या खेपेला आम्ही वंदे भारतने गेलो. जालन्याहून साडेसहा-सात तास लागतात हे खरे, पण वडील दर अर्ध्या तासाने उठून डब्यात फेरी मारत होते. ही गाडी दादरला थांबते आणि तेथून परळ अगदी जवळ आहे. केवळ उड्डाणाची वेळ पाहून निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता (जालना)
दोघांचेही आभार. बसून राहण्याचा हिशेब मी केलाच नव्हता. आईला विचारले, तर ती म्हणाली, “मला उठता-बसता येईल अशी गाडी बघ.” जाताना रेल्वेनेच जाऊ; परतीचे तपासणीनंतर तिची प्रकृती पाहून ठरवू.

उत्तर (परभणी)
आईंसाठी खिडकीची नव्हे, मार्गिकेलगतची जागा घ्यावी. दादरला गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा ठाणे मागे पडताच सामान दाराजवळ आणून ठेवावे.