कोल्ट १८६० आर्मी: सगळे भाग मूळचे आहेत का, कसे ओळखावे?

प्रश्न: अमेरिकेतल्या लिलावात .४४ कॅलिबरची, ८ इंची नळीची ही जुनी कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. 'सर्व नंबर जुळतात' असं वर्णनात आहे. फोटोत नेमकं काय बघू?

उत्तर १: नळीच्या बुडाखाली, फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या पट्टीखाली आणि सिलिंडरवर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) एकच क्रमांक हवा. वेजवरही (नळी फ्रेमला धरून ठेवणारी पाचर) असतो, पण ती हरवते नि बदलली जाते. तेवढ्यावरून सौदा मोडू नका. आकड्यांची ठेवणही जुळवा, नव्याने ठोकलेले अंक कडक उठून दिसतात.

उत्तर २: सिलिंडरवरचं आरमारी लढाईचं कोरीवकाम बघा (मेक्सिकोतल्या कांपेचेजवळची लढाई, १६ मे १८४३). ते उथळच असतं, त्यामुळे झिजलेलं चालेल. मात्र चित्र पुसट आणि पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असेल तर पॉलिश मारलंय. नळीच्या कडा गोलसर, गंजाच्या खड्ड्यांतही निळा रंग? नंतर केलेलं ब्लूइंग (पोलादावर निळा थर चढवणं). किंमत तिथेच कोसळते.

उत्तर ३: निपल (सिलिंडरच्या मागे ठिणगीची टोपी बसते ती छोटी टोकं) बदललेले असणं क्षम्य. घरी आल्यावर पॉलिश पेपर लावू नका, फक्त हलकं तेल. आणि भारतात आणायची असेल तर आधी परवान्याचं बघा.