‘भारतीय-अमेरिकन’ या शब्दाचा विग्रह कसा करायचा?

मूळ प्रश्न

एका जुन्या इंग्रजी भाषणाचं मराठी करते आहे. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोलले, ते भाषण. ते अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेले होते, पण तेव्हा पदावर नव्हते. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं, अमेरिका अजून युद्धाबाहेर होती. या देशात ‘हायफनेटेड अमेरिकनां’ना, म्हणजे आपल्या नावात हायफन (-) हे संयोगचिन्ह लावणाऱ्या अमेरिकनांना, जागा नाही, असं ते तिथे म्हणाले. रोख मुख्यतः जर्मन-अमेरिकन आणि आयरिश-अमेरिकन लोकांवर होता.

अडचण अशी की ‘संयोगचिन्हांकित अमेरिकन’ लिहिलं तर वाचणारा तिथेच अडखळेल. ‘दुहेरी निष्ठेचे अमेरिकन’ लिहिलं तर वाचायला सोपं जातं, पण मग रूझवेल्ट जे सिद्ध करू पाहत होते ते मीच शब्दात आधीच कबूल करून टाकते. चिन्ह ही एक गोष्ट आणि निष्ठा ही दुसरी. दोन्ही वेगळ्या ठेवणारा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १

‘जोडनावी अमेरिकन’ कसं वाटतं? जोडाक्षर, जोडशब्द हे आपल्या कानाला सवयीचे आहेत. जोडण्याचा भाव राहतो आणि दोष कुणाच्या माथी बसत नाही. ‘दुहेरी नागरिकत्व’ मात्र या जागी वापरू नका. ती कायद्याची गोष्ट आहे. जोडनाव असणाऱ्या बहुतेकांकडे एकच पासपोर्ट असतो.

प्रतिसाद २

‘जोडनावी’ला माझं अनुमोदन. पण मला वाटतं, खरा पेच शब्दाच्या विग्रहात आहे, आणि तो सोडवायला आपल्या शाळेतलं समासाचं प्रकरण फार उपयोगी पडतं.

‘भारतीय-अमेरिकन’ हा द्वंद्व धरला तर विग्रह होतो ‘भारतीय आणि अमेरिकन’. आईवडील म्हटलं की दोन माणसं डोळ्यासमोर येतात. इथे माणूस एकच आहे, तेव्हा इतरेतर द्वंद्व बसत नाही. वैकल्पिक द्वंद्व धरला, खरेखोटे किंवा बरेवाईट यांसारखा, तर विग्रह होतो ‘भारतीय किंवा अमेरिकन’. रूझवेल्टांनी चिन्ह वाचलं ते असं. जोडनावी अमेरिकन हा मुळी अमेरिकनच नव्हे, असं ते त्याच भाषणात म्हणतात. त्याच भाषणात हेही सांगतात की बाहेर जन्मून इथले नागरिक झालेल्यांबद्दल मी बोलत नाही, मला माहीत असलेल्या उत्तम अमेरिकनांपैकी काही जण असेच आहेत. म्हणजे जन्म कुठला याला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती ‘किंवा’ला. आणि तो ‘किंवा’ त्यांनी स्वतःच त्या छोट्या आडव्या रेघेत वाचला होता.

इंग्रजीत या शब्दाची घडण कर्मधारयाची आहे. शेवटचं पद मुख्य, आधीचं त्याचं विशेषण. अमेरिकन, पण कुठल्या मुळांचा? तर भारतीय. मराठीतही तसंच होतं, म्हणून ‘अमेरिकन भारतीय’ म्हटलं की अर्थ फिरतो आणि अमेरिकेत राहणारा भारतीय असं ऐकू येतं. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनशैलीने २०१९ मध्ये ‘एशियन अमेरिकन’, ‘आफ्रिकन अमेरिकन’ यांतलं चिन्ह काढून टाकलं, ते याच समजुतीने. पहिलं पद विशेषण असेल तर रेघ कशाला, आणि त्या रेघेमुळे माणूस अर्धवट नागरिक वाटत असेल तर ती का ठेवायची?

पण माझं मन त्या घडणीवरही पूर्ण रमत नाही. विशेषण म्हटलं की ते गौण झालं. मराठी व्याकरणात विशेषण-उभयपद कर्मधारय नावाचा एक प्रकार आहे. श्यामसुंदर: जो श्याम आहे आणि सुंदरही आहे. दोन्ही पदं विशेषणंच, दोन्ही एकाच तिसऱ्याला लागलेली, आणि एक दुसऱ्याला कमी करत नाही. श्याम असल्यामुळे तो अर्धाच सुंदर होत नाही. मला ‘भारतीय-अमेरिकन’चा हाच विग्रह खरा वाटतो.

प्रतिसाद ३

विग्रह पटला. पण न्यायालयात तो दोन्ही बाजूंनी कापतो, हेही लक्षात असू द्या. कॅलिफोर्नियात जन्मलेला तोमोया कावाकिता अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांचा नागरिक होता. दुसऱ्या महायुद्धात तो जपानमध्ये होता आणि तिथे त्याने अमेरिकन युद्धकैद्यांना छळलं. आपण तेव्हा जपानी होतो, असं त्याचं म्हणणं. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. दुसरं नागरिकत्व असलं तरी अमेरिकेशी असलेलं कर्तव्य सुटत नाही, म्हणत राजद्रोहाची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे दोन नागरिकत्वं ही वाटणी नव्हे, दोन्हीकडची देणी पूर्ण द्यावी लागतात.

प्रतिसाद ४

‘दुहेरी’ या बिचाऱ्या शब्दाबद्दल थोडं. मराठीत दुहेरी वाईट नाही. दुहेरी धागा मजबूत असतो. उलट ‘एकेरीवर येणं’ हे भांडणाचं लक्षण. दुहेरीला संशयाचा वास येतो तो ‘निष्ठा’ शेजारी बसल्यावर. निष्ठा ही नि आणि स्था यांतून आलेली, म्हणजे एका जागी ठाम उभं राहणं. एकनिष्ठ हा गौरवाचा शब्द आहे, ‘द्विनिष्ठ’ असा शब्द कुणी ऐकलेला नाही. त्याऐवजी आहे काय, तर ‘दोन्ही डगरींवर हात’. माणूस दोन देशांवर सच्चेपणाने जीव लावू शकतो, हे सांगायला आपल्याकडे चांगला शब्दच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ‘देश’ तरी किती स्थिर आहे? देशस्थ, देशमुख यांतला देश म्हणजे राष्ट्र नव्हे, मुलूख. कोकणातून घाट चढून माणूस ‘देशावर’ जातो. एका माणसाला दोन मुलूख असणं या भाषेने कधीच गैर मानलेलं नाही.

प्रतिसाद ५

मी ती शपथ घेतली आहे, म्हणून लिहिते. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेत परक्या राजाशी, सत्तेशी किंवा राज्याशी असलेली सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडते, असं म्हणावं लागतं. इंग्रजीत म्हणताना आवाज स्थिर होता. रात्री फोनवर आईला मराठीत अर्थ सांगायला गेले आणि ‘परक्या’ या शब्दापाशी अडले. भारताला परकं म्हणायला जीभ वळेना. आई म्हणाली, “सोडलंस म्हणजे नेमकं काय सोडलंस?” मी सांगितलं, मतदान, पासपोर्ट. ती म्हणाली, “मग तेवढंच सांग ना.”

तिने नकळत फार नेमका फरक केला. शपथ ज्या निष्ठेबद्दल बोलते ती राज्यसत्तेशी असते: कायदा पाळणं, वेळ पडली तर त्या देशाच्या बाजूने उभं राहणं. ती मी दिली आणि मनापासून दिली. आईशी, भाषेशी जे आहे त्याला मराठीत माया म्हणतात, ओढ म्हणतात. ती मागण्याचा अधिकार शपथेला नाही आणि तिने ती मागितलीही नाही.

भारताच्या बाजूने मात्र दार खरंच बंद होतं. संविधानाचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनुसार स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. त्याच्या पूर्ण नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. अशा माणसांना कृपया ‘अनिवासी भारतीय’ लिहू नका. अनिवासी भारतीय हा भारताचा नागरिकच असतो, फक्त राहायला बाहेर. वर्तमानपत्रं हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

प्रतिसाद ६

‘सोडणे’ या क्रियापदावरून. जपानशी युद्ध चालू असताना अमेरिकेत १९४२ च्या फेब्रुवारीतल्या सरकारी आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवलं गेलं. त्यांतले साधारण दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४३ मध्ये छावण्यांत प्रश्नावली वाटली गेली. अठ्ठाविसावा प्रश्न असा, की तुम्ही अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का?

अमेरिकेत जन्मलेल्या तरुणाने ‘होय’ म्हटलं तर ती निष्ठा आधी होती, हे कबूल झालं. ‘नाही’ म्हटलं तर तो देशद्रोही. जे कधी हातात धरलंच नव्हतं ते सोडायचं कसं? आणि त्यांच्या आईवडिलांना तर कायद्याने अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं. त्यांनी ‘होय’ म्हटलं तर त्यांना कुठलाच देश उरत नव्हता. पहिल्या पिढीपुरता प्रश्नाचा मजकूर नंतर बदलावा लागला. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. ‘दुहेरी निष्ठा’ हा शब्द मूळ भाषणात नसताना अनुवादात घालू नये, असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी. हा शब्द विचारण्यातच माणसाला दोषी ठरवून टाकतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘जोडनावी अमेरिकन’ घेते. पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘जर्मन-अमेरिकन, आयरिश-अमेरिकन असे नाव लावणारे’ एवढं लिहीन. ‘निष्ठा’ हा शब्द मूळ इंग्रजीत आहे तिथेच येईल, एकदाही जास्त नाही. अठ्ठाविसाव्या प्रश्नाबद्दल वाचल्यापासून हात जपूनच चालतो आहे.

आता एकच राहिलं. रूझवेल्टांचं भाषण ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं २५ सप्टेंबर १९१९ चं, कोलोरॅडोतल्या प्वेब्लो शहरातलं भाषण आहे. जो माणूस हायफन बाळगतो तो खंजीर बाळगतो, वेळ येताच या प्रजासत्ताकाच्या मर्मस्थानी खुपसायला तयार असलेला, असं ते म्हणतात. कच्च्या खर्ड्यात माझ्या हातून सहज ‘पाठीत खंजीर’ लिहून गेलं, कारण मराठीत खंजीर आला की पाठ येतेच. पण पाठ म्हटली की विश्वासघात झालाच. मूळ वाक्यात मर्म आहे, पाठ नाही. ‘मर्मी खुपसायला’ वाचताना थोडं खडबडीत लागतं. तरी तेच ठेवते आहे.