नागपूरच्या उन्हाळ्यात जुनी हॉरर मासिकं कशी टिकवायची?

महालकर: सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत ७०च्या दशकातली अमेरिकन हॉरर मासिकं मिळाली, कृष्णधवल, मोठ्या आकाराची. कडा तपकिरी, पिना गंजलेल्या, एका मुखपृष्ठावर सेलोटेप. घरात कूलर चालतो. कशी ठेवू?

रातकिडा: पहिले कूलरच्या खोलीतून हलवा जी. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी असते, पण कूलर खोलीत ओलावा भरतो आणि पिना त्यानंच गंजतात. कागद लिग्निनवाला (लिग्निन म्हणजे लाकडातला, कागद तपकिरी करणारा घटक) न्यूजप्रिंट, तपकिरी झालेला परत पांढरा होत नाही. वेग मात्र कमी होतो: पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, आतल्या भिंतीचं कपाट. गच्चीखालची खोली नको. पीव्हीसीची पाकिटं तर नकोतच, शाईला चिकटतात.

झुंबर: पिशवी मासिकाच्या मापाची घ्या, साधारण ८.५ × ११ इंच. कॉमिकच्या पिशवीत कोपरे मुडपतात. १९५४च्या कॉमिक्स कोडमधून (अमेरिकन कॉमिक्समधल्या हॉररवर बंधनं घालणारी नियमावली) सुटायला प्रकाशकांनी हा आकार धरला, त्याचा ताप आता आपल्याला!

महालकर: पिना काढू? आणि कसर?

रातकिडा: गंज कागदात उतरत असेल तरच काढा. मधलं पान उघडून पिनेचे पाय पातळ सुरीनं सरळ करा, मग बाहेरून उचला. ओढलं की मुखपृष्ठ फाटतं. टेपला हात लावू नका, सोबत शाई निघते. कसरीसाठी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर.