फंडाच्या कमिटीत कोण बसणार?

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून मुलांसाठी फंड करायचं ठरलंय, त्याच्या कमिटीसाठी मी सात नावं टाकलीत, सगळे अनुभवी लोक आहेत. हरकत असेल तर आजच सांगा.

बी विंग ताई: काका राग मानू नका पण हरकत आहे. सातही जण सोसायट्यांमधलेच, वस्तीतलं एक नाव नाही आणि पंचविशीच्या आतलं तर कोणीच नाही. ज्यांच्यासाठी फंड तेच बाहेर कसे?

सी विंग काका: अहो ताई, पैसा आपण देणार तर हिशोबही आपणच बघायला हवा ना. मुलांना त्यातलं काय कळणार?

बी विंग ताई: काका जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. बॉस्टनमध्ये रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट म्हणून वस्ती आहे, तिथे आगी लागून लागून घरं गेलेली, जवळपास १३०० प्लॉट रिकामे पडलेले आणि बाहेरचे लोक गाड्या भरून कचरा आणून टाकायचे. १९८४ मध्ये रायली फाउंडेशन या तिथल्याच दानसंस्थेचे विश्वस्त येऊन बघून गेले, त्यांना मनापासून मदत करायची होती, मग वस्ती सुधारायला नवी संस्था काढायची म्हणून तिथल्या संस्थांच्या लोकांनी बसून तिचं बोर्ड ठरवलं आणि नंतर रहिवाशांना सभेला बोलावलं. सभेत लोकांनी उठून विचारलं की पुढे बसलेल्यांपैकी या भागात राहतं कोण. आपली यादी बघून मला तेच आठवलं. पण फाउंडेशनने पैसे मागे घेतले नाहीत, बोर्डच बदललं, रहिवाशांचं बहुमत आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून आलेले), गोरे अशा चारही समाजांना सारख्या जागा, लोकसंख्या कमीजास्त असली तरी सारख्याच. मला हे फार मोठं वाटतं, कारण मिश्र वस्तीत कुठल्याही एका गटाला वाटलं की हे त्यांचं चाललंय, की बाकीचे यायचेच बंद होतात. पुढे १९८८ मध्ये शहराने या रहिवाशांच्या संस्थेला रिकाम्या जमिनी सक्तीने ताब्यात घ्यायचा अधिकार दिला, जमीन लँड ट्रस्टकडे, म्हणजे वस्तीच्याच विश्वस्त संस्थेकडे, राहिली म्हणून घरं परवडणारी राहिली.

सी विंग काका: बरं, हे मोठ्यांचं झालं. मुलांचं काय?

बी विंग ताई: त्याच बोर्डावर जॉन बॅरोस १७ व्या वर्षी निवडून आले, नंतर त्याच संस्थेचे संचालक झाले आणि पुढे बॉस्टन शहराचे आर्थिक विकास प्रमुख. आणि हिशोबाचं म्हणाल तर मिशिगनमध्ये १९८८ पासून केलॉग फाउंडेशनने स्थानिक फाउंडेशनांना जोड अनुदान, म्हणजे त्यांनी जमवलेल्या पैशात भर घालणारं अनुदान, देताना अट घातली की मुलांची कमिटी हवी. मुलं अर्ज वाचतात, भेटी देतात, प्रश्न विचारतात, कुणाला किती द्यायचं सुचवतात आणि अंतिम मंजुरी मोठ्यांच्या बोर्डाची. म्हणजे सही तुमचीच राहील काका, पण ठरवताना ती खोलीत असतील.

ए विंग, कॉलेज: ताई मी बोलू का? मागच्या एका उपक्रमात आम्हाला युवा प्रतिनिधी केलेलं, वर्षभर खुर्च्या लावल्या आणि फोटोत उभे राहिलो, मत कधीच विचारलं नाही, म्हणून वस्तीतली माझी दोन मित्रं आता कशालाच येत नाहीत. जागा द्यायची तर मतासकट द्या, आणि एक नको, एकटा असला की गप्प बसतो, किमान तीन द्या.

बी विंग ताई: अगदी बरोबर बोललास. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला ठेवणं, नावापुरतं घेणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत.

सी विंग काका: तीन ठीक आहे. पण हिशोब कसा वाचायचा ते आधी शिकवावं लागेल, मी बसतो त्यांच्याबरोबर, चाळीस वर्षं तेच केलंय.

सेक्रेटरी काका: मग मी जुनी यादी मागे घेतो. नऊ जागा करू, तीन सोसायट्यांच्या, तीन वस्तीच्या, तीन पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या, सगळ्यांना मत. वस्तीतली नावं वस्तीनेच ठरवायची, आपण सुचवायची नाहीत. मीटिंग शुक्रवारी सात वाजता क्लब हाऊसमध्ये.

ए विंग, कॉलेज: काका शुक्रवारी सातला बऱ्याच जणांचे क्लास असतात आणि वस्तीतली मुलं तेव्हा कामावर असतात. रविवारी सकाळी ठेवा ना, आणि क्लब हाऊसऐवजी वस्तीतल्या अभ्यासिकेत, गेटवर नोंद करून यायला ते बिचकतात.

सेक्रेटरी काका: रविवार, दहा वाजता, अभ्यासिका. तिथे कोणाला विचारायचं ते तू सांग, मी स्वतः जाऊन येतो.