सभेत मी गप्प बसले, ते कोणाच्या बाजूनं?

रानवारा: गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना त्यांचा फ्लॅट एका ट्रान्स मुलीला भाड्यानं द्यायचा होता. मुलीला नोकरी आहे, डिपॉझिट तयार, पोलिस पडताळणीही झालेली. तरी "बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत" एवढं एक वाक्य कोणीतरी टाकलं आणि विषय संपला. आम्ही चाळीस जण होतो. मीही हात वर केला नाही. घरी येऊन 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा वाचला. घर भाड्यानं घेण्याच्या हक्कात भेदभाव करायचा नाही, असं तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलंय. पण तो केला तर शिक्षा काय, ते त्या कलमात नाही. म्हणजे शेवटी सगळं आपल्यासारख्या शेजाऱ्यांवरच येऊन थांबतं. म्हणून म्हणते, समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या बाजूनं आपण उघडपणे उभं राहायला हवं, आणि ते अशा सभांमध्येच.

सातारकर: मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम, त्यातून सुटका करणारा निकाल 2018 मध्ये लागला. आता कोणाच्या खासगी आयुष्यात कोणी डोकावत नाही. मग झेंडे, मोर्चे कशाला? आणि दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथीयांनी आमच्याकडे अकरा हजार मागितले, नाही म्हटल्यावर ग्राहकांसमोर शिव्या दिल्या. तेव्हा आमच्या बाजूनं कोण उभं राहिलं?

रानवारा: तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण ते पैसे या मुलीनं मागितले नव्हते. ती महिन्याच्या पगारातून भाडं देणार होती. तिला घर नाकारून आपण तिला कुठं ढकलतोय?

पिंपळपान: कोणाचा द्वेष नाही, पण आपल्या संस्कृतीत हे नव्हतं. बाहेरून आलेलं खूळ आहे.

कोकणकडा: बाहेरून आलं ते 377 कलम, 1860 साली, इंग्रजांबरोबर. आणि र. धों. कर्वे तर आपलेच ना? त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, पण उभे राहिले. आणि सातारकर, तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळच्या गावकऱ्यांनी 2017 मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. मुलं त्या गावातही आहेत.

उंबरठा: मी समलिंगी आहे, पुण्यात राहतो, वय 46. सातारकर, निकालानं माझी अटकेची भीती गेली, बाकी बरंच तसंच आहे. माझ्या तिशीत एका डॉक्टरनं मला "बरं करतो" म्हणून वडिलांकडून पैसे घेतले होते. समलैंगिकता आजार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 लाच मान्य केलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'उपचार' गैरवर्तन ठरवले ते थेट 2022 मध्ये. तोवर वडील गेले, मुलगा आजारी आहे असं समजूनच.

आणखी एक सांगायचंय, ते जास्त जड जातं. ट्रान्स मैत्रिणींसोबत रस्त्यानं चालायचं मी कित्येक वर्षं टाळलं. लोक मलाही 'तसलाच' समजतील ही भीती. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये 377 कायम ठेवून आमच्याविरुद्ध निकाल दिला, आणि चारच महिन्यांनी, एप्रिल 2014 मध्ये, तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क दिला. पुढं 2018 चा आमचा निकाल त्याचाच आधार घेऊन आला. ज्यांच्यापासून मी लांब पळालो, त्यांनीच माझी वाट काढली.

सातारकर: उंबरठा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मोर्चाला मी येणार नाही, ते मत बदललेलं नाही. पण भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवावं लागतं. सोसायट्यांच्या नियमांचा सरकारी नमुना, म्हणजे आदर्श उपविधी बघा. तुमच्या सभेला तो विषय घ्यायचाच अधिकार नव्हता.

रानवारा: हे मला माहीत असायला हवं होतं. आज काकांना फोन केला. मुलीनं दुसरीकडे खोली घेतली, कामापासून दीड तास लांब. तरी सचिवांना पत्र लिहिलंय, सभेच्या इतिवृत्तात माझा विरोध नोंदवा म्हणून. काल संध्याकाळपासून जिने चढतेय. सह्या तीन झाल्यात.