रंगवलेल्या भिंतीवर टाइल्स : आधीच्या तयारीचे अनुभव

रंगवलेल्या भिंतीवर टाइल्स बसवण्याआधी भिंत कशी तयार केली, काय जमले आणि काय फसले, हे ज्यांनी घरात काम करून घेतले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आमच्या गॅसमागची टाइल सुटून ओट्यावर पडली. ती पालथी केली तेव्हा मागच्या सिमेंटला पिस्ता रंगाच्या ऑइल पेंटचा सलग पापुद्रा चिकटलेला दिसला. सिमेंटने टाइल धरली होती आणि रंगाने सिमेंट धरले होते. सुटला होता तो रंग, भिंतीपासून. कारागिराने जुन्या रंगावर हात-हात अंतराने खाचे पाडून थेट सिमेंट लावले होते, आणि ते डोळ्यांदेखत होऊनही मी त्याला थांबवले नाही. बाकीच्या टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या, तर आणखी अकरा पोकळ वाजल्या. (पुणे)

आमची इमारत जुनी असल्यामुळे मला रंगापेक्षा त्याच्या धुळीची धास्ती होती. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, आणि घरात दीड वर्षाची नात आहे. म्हणून कोरडी घासाई करू दिली नाही. भिंत ओली ठेवून पत्रीने रंग खरवडला, दाराला ओला पडदा लावला, पडलेला चुरा रोजच्या रोज ओल्या फडक्याने गोळा केला आणि नातीला तेवढे चार दिवस तिच्या आजोळी ठेवले. काम लांबले, मजुरीही वाढली, पण त्याची मला अजिबात खंत नाही. (डोंबिवली)

आमचे घर चिऱ्याचे आहे. डिस्टेंपर खरवडताच खालचा चुन्याचा गिलावा बोटाने उकरला जाऊ लागला आणि खालच्या दोन फुटांत पांढरा लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार) फुललेला दिसला. अशा गिलाव्यावर कितीही खाचे पाडले तरी टाइलचे वजन पेलणार कोण? तेवढा भाग चिऱ्यापर्यंत उतरवला, बाहेरून ओल येत होती ती पागोळीची जागा आधी दुरुस्त केली, भिंत पूर्ण सुकू दिली आणि मगच नवीन सिमेंटचा गिलावा करून त्यावर सात दिवस पाणी मारले. (रत्नागिरी)

मी स्वतः टाइल्स बसवण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खरवडून झाल्यावर मी भिंतीवर पाण्याचे शिंतोडे मारतो. पाणी लगेच शोषले गेले तर गिलावा उघडा झाला आहे. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर रंग किंवा तेलकटपणा अजून आहे. फोडणीच्या वाफेचा थर ओट्यामागे हमखास असतो, तो आधी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढावा लागतो. पुट्टी ठेवू नये, कारण रंग निघाला तरी तीच पुढे पापुद्र्यासारखी सुटते. खाचे दोन-दोन इंचांवर हवेत आणि ते गिलाव्यात उतरले पाहिजेत. त्यानंतर ब्रशने धूळ झाडून भिंत पुसावी, ओळंब्याने पाहून खोलगट भाग भरून घ्यावा. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिला साधे सिमेंट नीट धरत नाही. तिथे अ‍ॅडहेसिव्हच (टाइल चिकटवण्याचा तयार मसाला) वापरावे आणि ते दातेरी थापीने पूर्ण पसरावे. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल दाबणे मला पटत नाही. (नाशिक)

नवीन फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक भर घालते. आमच्या भिंतींवर रंगाखाली सिमेंट नव्हते, जिप्समचा गिलावा होता. तो पाण्याने मऊ पडतो, म्हणून सिंकमागचा तेवढा भाग विटेपर्यंत काढून सिमेंटने पुन्हा करून घेतला. खिळ्याने कोपऱ्यात ओरखडा काढला की खालचा पांढरा, मऊ भुसा लगेच दिसतो. (ठाणे)

नाशिककरांनी सांगितल्याप्रमाणे आज मी शिंतोडे मारून पाहिले. सिंकच्या वरच्या हातभर पट्ट्यात थेंब अजून उभे राहत आहेत, म्हणून उद्या तो भाग पुन्हा खरवडायला घेत आहे. (पुणे)