बाबाच्या नाकाजवळचा फोड कॅन्सरचा निघाला, मोह्स सर्जरी कोणी केली आहे का?

दारव्हा_कापूस:
नमस्कार मंडळी. बाबाचं वय ६८, सारी जिंदगी वावरात गेली. नाकाच्या बाजूले, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ दोन वर्षांपासून एक काळपट चमकदार फोड होता, खपली धरे, निघे, रक्त येई आन परत खपली. मस असन म्हणून सोडून देल्लं, मंग सहा महिने मलम लावलं. आता दाखवलं तं डॉक्टरनं तुकडा काढून तपासाले पाठवला, बेसल सेल कार्सिनोमा आला. डॉक्टर म्हणते बाजूची ४ मिमी चांगली चामडी घेऊन कापून काढू आन शेजारची चामडी सरकवून जागा भरू. पुण्याचा भाचा म्हणून राहिला की मोह्स सर्जरीच करा, दुसरं काही करू नका. ते नेमकं काय असते, त्याच्यासाठी मुंबई पुण्याले नेणं जरुरी आहे का? आन सोयाबीन आताच निघालं, कापसाचा पहिला वेचा सुरू आहे, महिनाभर थांबलं तं चालन का? बाबा म्हणते दुखत नाही तं कापाचं कायले. आमची झोप उडाली आहे.

आर्वीची_लेक:
दादा, आधी घाबरू नका, हा कॅन्सर सहसा दुसरीकडे पसरत नाही पण जागेवर मात्र खोल खात जातो आणि डोळ्याजवळ आहे म्हणून टाळू नका. माझ्या आत्याचं सांगते. तिच्या वरच्या ओठाजवळ असंच होतं, एका ठिकाणी मस म्हणून जाळून टाकलं आणि तुकडा तपासायला पाठवलाच नाही. दीड वर्षानं त्याच व्रणाखालून परत आलं आणि तेव्हा जागा तिप्पट होती. मग नागपूरला ऑपरेशन झालं, आत्या टेबलवर असतानाच तुकडा लॅबमध्ये गेला, कड साफ नाही म्हणून परत घेतलं, परत पाठवलं, तेव्हा कुठे शिवलं. मोह्स नव्हतं ते, फ्रोझन सेक्शन म्हणतात. आता चार वर्षं झाली, ठीक आहे. आणि मधल्या काळात कोणाच्या सांगण्यावरून मोहाचं तेल लावलं होतं तिनं, मोह्स म्हणजे मोहाच्या झाडाचं काही नाही हो, डॉक्टरचं नाव आहे ते, कृपा करून जखमेवर काही लावू नका.

लॅबवाला_नागपूर:
मी १४ वर्षांपासून हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात तिथे, तुकडे कापून राहिलो, म्हणून थोडं लांब लिहितो. तुम्ही शेतकरी आहात, कुंदा माहीत आहे. वरून गवत उपटलं तरी काळ्या मातीत मुळाचा एक तुकडा राहिला की पुढच्या पावसात परत उभा. बेसल सेलचं तसंच, वरून दिसते वाटाण्याएवढं पण खाली बारीक मुळं कोणत्या बाजूला गेली ते डोळ्यानं दिसत नाही.
आता नेहमीच्या पद्धतीत काय होते, सर्जन अंदाजानं कड ठेवून कापतो, तुकडा आमच्याकडे येते, आम्ही त्याचे पावाच्या स्लाइससारखे उभे काप करतो आणि त्यातले मोजके काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात. हिशोब केला तर सगळ्या कडेचा एक टक्काही भाग प्रत्यक्षात पाहिला जात नाही. दोन कापांच्या मधून मूळ गेलं असलं तर रिपोर्ट साफ येतो आणि मूळ आतच राहते. मोह्समध्ये बशीसारखा पातळ थर काढतात, त्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगाची शाई लावून कागदावर नकाशा काढतात, मग थर गोठवून खालच्या बाजूनं आडवा कापतात, म्हणजे सगळी कड आणि तळ दोन्ही एका पातळीत येतात आणि पूर्ण तपासले जातात. जिथे कॅन्सर दिसला तेवढ्याच जागेतून पुढचा थर. बाकी चांगली चामडी वाचते. कापणारा आणि तपासणारा डॉक्टर एकच असतो हे मोठं आहे, चिठ्ठीवर उजवं डावं बदलत नाही.
फ्रेडरिक मोह्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनला हे सुरू केलं, तेव्हा झिंक क्लोराइडचा लेप लावत, आता तो लेप नसतो, इंजेक्शननं जागा बधिर करतात. पहिल्यांदा झालेला बेसल सेल असेल तर पाच वर्षांत परत न येण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, एकदा परत आलेला असेल तर ९४ च्या आसपास. म्हणून पहिलाच घाव नीट पडला पाहिजे.
सगळ्यांनाच लागते असं नाही. पाठीवर, हातावर छोटा असला तर साधं कापणं पुरते. नाक, पापणी, ओठ, कान, किंवा परत आलेला, किंवा कड अस्पष्ट असलेला, तिथे मोह्सचा खरा उपयोग. तुमचा रिपोर्ट काढा आणि पाहा नोड्युलर लिहिलं आहे की इन्फिल्ट्रेटिव्ह, मायक्रोनोड्युलर, मॉर्फिफॉर्म असं काही. हे मागचे तिन्ही जास्त मुळं सोडणारे.

दारव्हा_कापूस:
लॅबवाले भाऊ, कुंद्याचं बाबाले वाचून दाखवलं, चूप बसले आन म्हणते मंग खणाच लागन. रिपोर्टमध्ये नोड्युलर, पिगमेंटेड लिहिलं आहे. पण मोह्स करणारा जवळ नाही भेटला तं?

लॅबवाला_नागपूर:
नोड्युलर म्हणजे त्यातल्या त्यात बरं, आणि काळं दिसणं आपल्या लोकांत नेहमीचं आहे. मोह्स शिकलेले डॉक्टर आपल्या देशातच थोडे आहेत, म्हणून दुसरा रस्ता सांगतो. तुमच्या सर्जनला सरळ विचारा, कड कशी तपासणार? ऑपरेशन सुरू असताना फ्रोझन सेक्शन होईल का? तेही नसेल तर कापून नुसतं ड्रेसिंग ठेवा, पक्का रिपोर्ट येऊ द्या आणि मार्जिन म्हणजे कड साफ आल्यावरच फ्लॅप, म्हणजे शेजारची चामडी सरकवणं, करा, हे चालेल का? माझं पक्कं मत आहे की चेहऱ्यावर हे विचारल्याशिवाय सही करू नये. फ्लॅप आधी फिरवला आणि मग मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कडेला कॅन्सर, आलं तर चामडी जागची सरकलेली असते, उरलेलं मूळ कुठल्या बाजूला होतं ते शोधणं फार कठीण. मी असे रिपोर्ट टाइप केले आहेत, हात जड होतो.

सिस्टर_वर्धा:
मी सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. थांबण्याबद्दल, हा हळू वाढतो त्यामुळे तारखेसाठी दोन तीन आठवडे गेले तर डॉक्टर सहसा हो म्हणतात, पण वेचा झाला की तूर, तुरीनंतर हरभरा असं करत उन्हाळा आणू नका. मोह्स झालंच तर पूर्ण दिवस धरा, एकेक थर तपासायला तास दीड तास लागतो आणि मधल्या वेळात पेशंट पट्टी बांधून बाहेर बसून असतो. भूल फक्त जागेची, म्हणून बहुतेक वेळा नाश्ता करून यायला सांगतात. डबा आणा, सोबत माणूस आणा, शेवटची एसटी पकडायची घाई ठेवू नका.
बाबाजींना इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी सुरू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्यानं अटॅकचा धोका असतो. पेसमेकर असेल तर तेही सांगा. खर्रा खात असतील तर आजपासून बंद, तंबाखूनं फ्लॅपचा रक्तपुरवठा कमी होतो आणि चामडी काळी पडते, हे मी स्वतः पाहिलं आहे. जखम दिसत होती त्यापेक्षा मोठी निघेल, मनाची तयारी ठेवा. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी डोळा सुजून काळानिळा होतो, ते उतरतं. पट्टीतून रक्त आलं तर २० मिनिटं न उचलता दाबून धरा, तरी नाही थांबलं तर लगेच निघा. हळद नको.
पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत, राशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा की हेच ऑपरेशन आणि त्याची तपासणी बसते का.

परतवाडा_संत्रा:
मधात विचारतो, माफ करा. माह्या आईच्या पोटरीवर लहानपणी चुलीनं भाजलेला जुना व्रण आहे, त्याच्यात आठ महिन्यांपासून जखम आहे, भरूनच नाही राहिली. हेच ऑपरेशन लागन का?

सिस्टर_वर्धा:
दादा, ही गोष्ट वेगळी आहे आणि जास्त घाईची. जुन्या भाजलेल्या व्रणात न भरणारी जखम म्हणजे स्क्वॅमस सेल नावाचा चामडीचाच दुसरा कॅन्सर असू शकतो आणि तो जांघेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. याच आठवड्यात दाखवा, बायोप्सी करा म्हणजे तुकडा काढून तपासा म्हणा आणि जांघ तपासा म्हणा. ड्रेसिंगवर अजून एक महिना घालवू नका.

परतवाडा_संत्रा:
सोमवारी नेतो.

दारव्हा_कापूस:
मंडळी, आज सर्जनले भेटून आलो. लॅबवाल्या भाऊनं सांगतलेलं कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टर रागावले नाही, उलट बसवून चित्र काढून समजावलं. फ्रोझन सेक्शनची सोय आहे, पॅथॉलॉजीवाल्या मॅडम ज्या दिवशी राहते तोच दिवस घेतला, पुढच्या गुरुवारचा. कड साफ नाही आली तं शिवणार नाही म्हणाले. कापसाचं माहा भाऊ पाहून घेईन. बाबानं डॉक्टरले एकच विचारलं, चष्मा बसन का नाकावर. गडबडीत त्याचं उत्तर राहूनच गेलं.

सिस्टर_वर्धा:
बसेल, पण गुरुवारी चष्मा सोबत न्या आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना लावून दाखवा, म्हणजे टाके कुठे येतील ते ठरवताना त्यांच्या ध्यानात राहील. टाके असेपर्यंत चष्मा नाकावर टेकवायचा नाही, आमच्याकडे कपाळाला चिकटपट्टी लावून चष्मा वर अडकवून देतो.